जलपर्णीतली उजळणी

"पेशीभित्तिका कुणाला असते, काकी? वनस्पतीला का प्राण्याला?"

तेजलनं हे विचारलं तेव्हा आमची होडी थांबून वीस मिनिटं झाली होती. चारी बाजूंनी जलपर्णी. हिरवीगार, मांडीइतकी उंच, वर जांभळी फुलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, तिघं जण मळ्यात निवांत बसलेत. खाली तीन पुरुष खोल पाणी होतं.

"वनस्पतीला," मी म्हटलं. "प्राण्याला नुसतं पेशीपटल. पातळ."

"बरोबर. तंतुकणिका?"

"पेशीचं ऊर्जाघर."

"बरोबर. आबा, ढकला ना जरा," ती पुस्तकातनं मान न काढता म्हणाली.

"ढकलतुया की बाय," माझे सासरे म्हणाले. ते वल्हं जलपर्णीत खुपसायचे आणि वल्हं तिथंच रुतून उभं राहायचं. मग दोन्ही हातांनी ते उपसून काढायचं. होडी वीतभर हलायची आणि परत होती तिथं यायची. सत्तरीचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण आयुष्य पाण्यावर गेलेलं. वल्हं हातात असलं की म्हातारपण काठावर ठेवून यायचे.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला दहावीचा विज्ञानाचा पेपर, भाग दोन. तेजलचा पहिल्यांदा. माझा तिसऱ्यांदा.

आमची वस्ती भोयांची, धरणाच्या फुगवट्याला लागून. पल्याडच्या काठावर मोठं गाव, तिथं हायस्कूल आणि तिथंच परीक्षेचं केंद्र. रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून अठ्ठेचाळीस किलोमीटर; होडीनं पाऊण तास. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, वस्तीच्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सेविकाबाई आल्या नाहीत तर गाणीही मीच म्हणायची. सही मात्र त्यांची. त्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागेला दहावी पास लागत होती. माझी शाळा सातवीत सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसले, पुस्तकं मासळी साफ करता करता एकटीनंच वाचली. मराठी सुटलं, गणितसुद्धा सुटलं. विज्ञान राहिलं. पुढच्या खेपेला परत राहिलं.

पहिल्या खेपेला काय झालं ते सांगते, हसू नका. मानवी हृदयाची आकृती काढा, नावे द्या, असा प्रश्न होता. मी सुबक आकृती काढली, बाण मारले, नावं दिली. दोन कप्पे काढले. पंचवीस वर्षं मी मासे चिरत आले होते. हृदय म्हटलं की माझ्या हाताला जे माहीत होतं ते हातानं काढलं. माशाचं हृदय दोनच कप्प्यांचं असतं, ते मी अगदी बरोबर काढलं होतं. दुसऱ्या खेपेला तसं होऊ नये म्हणून इतकी सावध बसले, की काहीच लिहवेना. अर्ध्या तासानं पेपर देऊन उठले. वस्तीवर पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. पाण्यावरून आवाज लांब जातो.

त्या सकाळी मी आणि मामा, म्हणजे सासरे, असे दोघंच निघणार होतो. मालक मासळी घेऊन बाजाराला गेलेले. होडी सोडली आणि तेवढ्यात शेजारची तेजल उतारावरून धावत आली. एका हातात चपला, एका हातात पुस्तक, तोंडात हॉल तिकिटाची प्लॅस्टिकची पिशवी. तिचे वडील तिला मोटारसायकलवरून नेणार होते, तर गाडीची चेन तुटली होती. तिनं गुडघाभर पाण्यातनं येऊन होडीत उडी मारली.

"थांबा म्हणायला तोंड न्हवतं का?" मामा म्हणाले.

"तोंडात पिशवी होती ना आबा!"

आम्ही हसलो. मी होडीच्या तोंडाशी बसले होते. आमच्याकडे एक रीत आहे: तोंडाशी बसेल त्यानं वाट सांगायची, वल्हं मारणाऱ्यानं वाद घालायचा नाही. तो पाठमोरा असतो, त्याला पुढचं दिसत नाही. मामांना तर पुढचं-मागचं दोन्ही दिसत नव्हतं.

"कुठनं?" त्यांनी विचारलं.

वाटा दोन. एक थोरल्या पाण्यातनं, लांबची पण मोकळी. दुसरी ओढ्याची. धरण व्हायच्या आधी तिथनं ओढा जायचा. आता दोन टेकाडांच्या मधली अरुंद पट्टी आहे. ती वाट जवळची.

"ओढ्यानं," मी म्हटलं.

मामांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं. त्याच्यावरनं पाणी निथळत होतं. "ओढ्यानं?"

"ओढ्यानं."

मग त्यांनी होडी वळवली.

वाट अर्धी सरली आणि समोर जलपर्णी दिसली. वळून पाहिलं तर मागंही सरकत आलेली. तिला मूळ असून जमीन नाही. वारं नेईल तिकडं ती जाते, आणि अरुंद जागी दाटून बसते. बघता बघता होडी गच्च झाली.

"वारं परत फिरंल," मामा म्हणाले. "मग आपसूक सुटल."

"कधी फिरेल?" तेजलनं विचारलं.

"त्याला कुठं घड्याळ हाय?"

म्हणून उजळणी सुरू झाली. तेजल विचारायची, मी उत्तर द्यायची.

"सूत्री विभाजनाच्या अवस्था?"

"पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था."

"एका मूत्रपिंडात वृक्काणू किती?"

"सुमारे दहा लाख."

"आन् माझ्यातलं किती बंद पडल्यात, ते बी इचार," मामा म्हणाले. "रात्रीचं चारदा उठावं लागतं."

तेजल खुदकन हसली. मग म्हणाली, "परिसंस्था. उदाहरणासह स्पष्ट करा. पाच गुण."

"उदाहरण समोरच आहे की," मी म्हटलं. "ही जलपर्णी उत्पादक. पण माजलेली. ऊन खाली पोचू देत नाही. खालचं शेवाळ मरतं, ते कुजवायला विघटक लागतात, ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मासा वर येऊन तोंड वासतो. मासा गेला की बगळा गेला."

"आणि सर्वोच्च भक्षक?"

"मासळीचा व्यापारी," मामा म्हणाले.

या वेळी मात्र ती हसली नाही. पुस्तक मिटून माझ्याकडे बघत राहिली. "काकी, तुम्हाला सगळं येतंय. अगदी सगळं. मग दोनदा नापास कशा झालात?"

मी फुलांकडे बघितलं. एक कमळपक्षी लांब बोटं टाकत त्या रानावरून आरामात चालत गेला. आमच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"होतं एखाद्याचं," मी म्हटलं.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

तिच्या मनगटावर घड्याळ होतं. तिला ते स्वतः बघायचं नव्हतं. मी तिचा हात उलटा करून बघितलं. "नऊ चाळीस."

तिचा चेहरा बदलला. इतका वेळ ती धिटाईनं प्रश्न विचारत होती, ती धिटाई पुस्तकाबरोबर मिटली होती. "नाही सुटलो तर?"

"सुटू."

"नाही सुटलो तर काय, ते विचारतेय. फोन लावा ना कुणाला."

फोन मामांकडे नव्हता, तिच्याकडे नव्हता. माझ्याकडे होता; दोन टेकाडांच्या मधे त्याला रेंज नव्हती. मी तो तिच्या हातात दिला. ती उभी राहून हात उंच करून इकडे-तिकडे फिरवत राहिली. होडी डुलली.

"बस खाली," मामा म्हणाले. "पालथी घालशील."

"तुम्ही बोलू नका आबा!" ती एकदम ओरडली. "तुम्हाला दिसत नाही तर होडी कशाला काढता? या वाटेनं आणलंत कशाला? शेंबड्या पोराला कळतं, सकाळचं वारं फिरलं की ओढ्यात जायचं नाही! मी अख्खं वर्ष..."

मामांचं वल्हं मांडीवर आडवं, दोन्ही हात त्यावर. त्यांनी माझ्याकडे तोंडसुद्धा वळवलं नाही.

मी कडेच्या जलपर्णीचं एक पान खुडत राहिले.

थोड्या वेळानं ती शांत झाली. नाक पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं काय काकी, तुम्ही पुढच्या खेपेला बसाल. तुम्हाला सवय आहे. मला नाही."

ती हे वाईट मनानं बोलली नाही. सोळा वर्षांची पोर, जे दिसलं ते बोलली. पण मी त्या वस्तीत वीस वर्षं काढली होती. सासूची बोलणी खाल्ली होती, सेविकाबाईंची सही होईपर्यंत दारात उभी राहिले होते. त्यातलं काही इतकं आत गेलं नव्हतं.

दोन दिवसांपूर्वी भाग एकचा पेपर झाला होता. तो मला चांगला गेला होता. घोळ तिथंच झाला. नापास होणं मला जमत होतं. लोक काय म्हणतात, घरी आल्यावर कुठं बघायचं, भाकरी थापायला कधी बसायचं, सगळं ठाऊक होतं. पास होण्याची आशा मात्र नवी होती आणि ती घेऊन झोप येत नव्हती. सगळं येतंय आणि तरी हॉलमध्ये हात थांबला, तर? मग 'शिकायला वेळ मिळाला नाही' हे पांघरूणही उरणार नव्हतं. जलपर्णीत अडकले, पेपर बुडाला, असं झालं तर मात्र वस्ती हळहळली असती. बिचारी शालन. नशीबच तसलं.

"तेजल," मी म्हटलं, "आबांना बोलू नकोस. वाट मी सांगितली."

"हो, पण त्यांना तरी..."

"वारं फिरलेलं मला कळलं होतं. होडीत बसतानाच. काठच्या जलपर्णीची फुलं आपल्याकडे वाकली होती."

ती बघत राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं अगदी हळू विचारलं, "मुद्दाम?"

याचं उत्तर मी आजवर नीट देऊ शकलेले नाही. आदल्या रात्री मनात येऊन गेलं होतं, हे खरं. सकाळी ते पुसून टाकलं होतं, हेही खरं. मामांनी विचारलं आणि तोंडातनं 'ओढ्यानं' निघालं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ही पोर होडीत ओल्या पायांनी बसलेली मला दिसत होती, तरी परत तेच निघालं.

"हो," मी म्हटलं.

ती पुस्तक छातीशी धरून होडीच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली. बारा फुटी होडीत माणूस माझ्यापासून जितकं लांब जाऊ शकतं, तितकी गेली.

मी उठले. होडीत ट्रकची फुगवलेली ट्यूब होती. आमची माणसं तिच्यावर बसून जाळी टाकतात. फळीखाली कोयता होता. साडीचा काष्टा मारला, कोयत्याची दोरी मनगटाला गुंडाळली.

"उतरतीस?" मामांनी विचारलं.

"हो."

"खाली जुनी जाळी असत्यात. पाय सोडू नगंस. गुडघं पोटाशी घे."

जलपर्णीतनं होडी काढायची एक पद्धत आहे. होडी पुढं रेटायची नसते. तोंडासमोरचा एकेक गड्डा तोडायचा, होडीच्या कडेनं मागं सारायचा. रान मागं गेलं तेवढीच होडी पुढं जाते. हे होडीत बसून पुरतं होत नाही, हात पोचत नाही. कुणीतरी रानात शिरावं लागतं.

पाणी गार होतं. वरून इतकी टवटवीत दिसणारी ती झाडं खालून काळी, केसाळ, चिखलाच्या वासाची. मुळं एकमेकांत विणलेली. मी ट्यूबवर पोटावर पडून कोयता घालायची, गड्डा सुटला की डावीकडं ढकलायची. मामा तो हातानं धरून मागं द्यायचे. पहिले दहा गड्डे मी मोजले. मग मोजणं सोडलं. हातावर चरे पडत होते. एकदा पायाला काहीतरी गुंडाळलं, सुतासारखं बारीक आणि चिवट. मी पाय झाडला तर ते आवळलं. जाळं.

"झाडू नगंस!" मामा ओरडले. त्यांना दिसलं नव्हतं, ट्यूब हललेली होडीला लागली असणार. "गप ऱ्हा. तळपाय सरळ कर, आन् हळू वर वढ."

मी गप राहिले. छाती धडधडत होती, चारी कप्पे. तळपाय सरळ केला, हळू ओढला. सुटला.

परत कोयता उचलला, तेव्हा मागं गड्डे घेणारे हात चार झाले होते. तेजल पुढं आली होती. युनिफॉर्मच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पुस्तक कुठंतरी कोरड्यात ठेवलेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी गड्डा ढकलला की ती तो झडप घालून ओढायची, मागं फेकायची. तिच्या रागात बरीच ताकद होती. होडी आता हातभर, हातभर सरकायला लागली.

मला दम लागून मी ट्यूबवर मान टेकली, तेव्हा मामा वाकून अगदी जवळ आले. तेजल मागच्या टोकाला होती.

"वारं मला बी कळलं हुतं," ते म्हणाले. "गालाला लागतंय की. डोळं गेल्यात, गाल न्हाई."

"मग का नाही बोललात?"

"दोनदा इचारलं."

"मामा, तिसऱ्यांदा विचारायचं."

"तिसऱ्यांदा इचारलं असतं तर तू रडली असतीस. आन् मी थोरल्या पाण्यानं न्हेली असती. मंग पेपरात बसून तू मला शिव्या घातल्या असत्यास." त्यांनी कडेला अडकलेला एक गड्डा चाचपून सोडवला. "या घरात आल्यापास्नं तुला कुणी कुठं जायचं म्हून इचारलं न्हाई. मी तरी कवा इचारलं? आज रीत म्हून इचारलं, तर तू सांगितलंस. मोडायचं माझ्या जिवावर आलं."

"तिचा पेपर बुडला असता."

"व्हय," ते म्हणाले. "तेवढं चुकलंच माझं. तुझं बी." आणि पाठ सरळ करून मोठ्यानं म्हणाले, "चल, तोड. बसलीस का?"

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मोकळं पाणी लागलं. मला वर ओढून घ्यायला तेजलनं हात दिला. दिला तसाच लगेच काढून घेतला. मामांनी वल्हं असं मारलं, की होडी काठाच्या चिखलात दोन हात घुसली.

काठापासून शाळा अर्ध्या किलोमीटरवर, चढाची. आम्ही धावलो. ती पुढं, मी मागं. ओली साडी पायात अडकायची आणि प्रत्येक पावलाला चपला पचक पचक वाजायच्या. वाटेतल्या टपरीवरच्या माणसांनी चहाचे कप तोंडाशी नेता नेता थांबवले. तेजल एकदाही वळली नाही. पण वळणावर, जिथं मी दिसेनाशी झाले असते, तिथं ती थांबल्यासारखी झाली. मी दिसल्यावर परत पळाली.

फाटकावर शिपाई उभा होता. अर्धं दार लोटलेलं. त्यानं तेजलच्या हातातलं हॉल तिकीट बघितलं. "पळ पोरी, वरचा मजला, डावीकडं. आत्ता घंटा होईल." ती गेली.

मी फाटकापाशी आले तर त्यानं हात आडवा केला.

"आईनं बाहेर थांबायचं. पालकांना आत सोडत नाहीत."

फाटकाच्या बाजूला कडुलिंबाची सावली होती. तिथं सतरंजी टाकून चार-पाच बायका बसल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या आणि डबे मांडून. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कमरेपासून खाली चिखल, हातावर चरे, केसांत जांभळं फूल.

"अगं बाई," त्यातली एक म्हणाली, "लेकीसाठी काय काय करावं लागतं बघा. या, बसा. पाणी घ्या." आणि बाजूला सरकून तिनं सतरंजीवर माझ्यापुरती जागा केली.

जागा चांगली होती. सावलीची. तिथं बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मामांनी जन्मात तोंड उघडलं नसतं, आणि तेजलला वाटलं असतं की काकीला उशीर झाला. एका जलपर्णीतनं बाहेर आले होते, ती अलगद या दुसरीत शिरले असते. कोयता चालवायचंही काम नव्हतं.

आत घंटा वाजली.

मी ब्लाउजमधनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. बोटं इतकी ओली आणि सुजलेली, की गाठ सुटेना. दातांनी सोडली. हॉल तिकीट काढून शिपायापुढं धरलं.

"मी पालक नाही," मी म्हटलं. "माझा पेपर आहे."

त्यानं तिकीट घेतलं. नाव वाचलं, नंबर वाचला. मग फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत फोटोकडे.

"मावशी," तो म्हणाला, "हा फोटो तुमचाच का?"

"माझाच," मी म्हटलं. "कोरडी असतानाचा."